बजीची अंडी पडतात, पण पिल्लं निघत नाहीत: जोडी बदलण्याआधी अंडं उघडून बघा

बजी म्हणजे बजरीगर, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट. त्याची मादी अंड्यांसाठी टांगलेल्या मडक्यात नीट बसते. नर तोंडाशी येऊन तिला भरवतो. अंडी पाच-सहा पडतात. तीन आठवडे उलटतात आणि पिल्लू निघतं एक, नाहीतर तेही नाही. मडकं झाडलं की थोड्याच दिवसांत मादी पुन्हा अंड्यांवर, आणि पुन्हा तेच रडगाणं. मिरज-सांगलीपासून कराड-साताऱ्यापर्यंत बजरीगर पाळणारे चार लोक भेटले की तिघांची तक्रार हीच असते. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: पाणी शिंपडा, कॅल्शियमचे थेंब द्या, मडकं बदला, नाहीतर सरळ जोडीच बदला.

यातला प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे लागू पडतो. घोळ असा की कोरड्या हवेच्या जतमध्ये ज्या उपायाने पिल्लं वाचतात, त्याच उपायाने पावसाळी पाटणला मरतात. म्हणून काहीही बदलण्याआधी न निघालेली अंडी फेकू नका, उघडून बघा. पिल्लू साधारण कितव्या दिवशी गेलं आणि कशाने गेलं असावं, याचा बऱ्यापैकी अंदाज आतून मिळतो.

आधी तारखा तपासा

बजीची मादी रोज अंडं घालत नाही, एक दिवसाआड घालते. पहिल्या अंड्यावर ती लगेच घट्ट बसतही नाही. बहुतेक माद्या दुसऱ्या अंड्यानंतर बसतात, काही तिसऱ्यानंतर. उबवणीचे १८ दिवस तिथून धरायचे. समजा पहिलं अंडं १ नोव्हेंबरला पडलं, तर पाचवं ९ तारखेला पडेल. मादी ३ तारखेपासून बसली असेल तर पहिलं पिल्लू २१ च्या आसपास निघेल आणि शेवटचं २७ च्या आसपास. मादी सारखी उठणारी असेल, थंडी असेल, तर वर आणखी दोन-तीन दिवस. ज्याने १ तारखेपासून १८ मोजले आणि २० ला मडकं रिकामं केलं, त्याने चांगली जिवंत पिल्लं उकिरड्यावर टाकली. हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त घडतं, आणि दोष मात्र मादीला लागतो.

अंड्यावर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने आकडा घाला आणि तारीख कॅलेंडरवर मांडा. शेवटचं अंडं पडल्यापासून २३-२४ दिवस होईपर्यंत एकही अंडं बाहेर काढू नका.

रिकामी अंडी हा वेगळा आजार

मादी बसायला लागून आठवडा झाला की ती खायला-शी करायला बाहेर आलेली वेळ साधून अंडी तपासा. पुठ्ठ्याला शेंगदाण्याएवढं भोक पाडा, खाली मोबाईलचा टॉर्च लावा आणि अंडं भोकावर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत आहे. सगळं अंडं एकसारखं पिवळसर उजळलं तर ते रिकामं. दहा दिवसांनंतर टॉर्चचीही गरज उरत नाही, भरलेलं अंडं नुसत्या डोळ्यांना दुधाळ पांढरं दिसतं आणि रिकामं फिकट, पारदर्शक राहतं.

सगळीच्या सगळी अंडी रिकामी असतील तर ओलावा, कॅल्शियम, मडकं यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. नर फळवत नाही एवढंच ते आहे. आधी तो नर आहे ना, हे बघा. चोचीवरचा मांसल भाग, म्हणजे सीअर, नराचा निळा आणि अंड्यावर आलेल्या मादीचा तपकिरी असतो, हा नियम ल्युटिनो, अल्बिनो आणि रिसेसिव्ह पाइड या रंगप्रकारांच्या पक्ष्यांना लागू होत नाही. त्यांच्यातला मोठा नरही गुलाबी-जांभळट सीअरचाच राहतो. त्यामुळे दुकानदार सांगेल ती जोडी, असं चालतं. एका मडक्यात आठ-दहा अंडी दिसली आणि सगळी रिकामी निघाली, तर बहुधा दोन माद्या मिळून संसार करतायत. दोघी एकमेकींना भरवतात, डोकी खाजवतात, बघणाऱ्याला संशयही येत नाही.

नर खरा असेल तर दांडी हलवून बघा. पिंजऱ्यासोबत येणारी गुळगुळीत प्लास्टिकची दांडी गोल फिरते, मादीचा तोल जातो आणि मेळ अर्धवट राहतो. पेरूची नाहीतर कडुनिंबाची बोटाएवढी जाड फांदी दोन्ही टोकांना तारेने आवळून बांधा. बाकी नर पिसं झडण्याच्या काळात असणं, सूर्यफूल खाऊन लठ्ठ झालेला असणं, किंवा अजून पोरगाच असणं ही कारणं. चार महिन्यांचे पक्षी अंडी देतात हे खरं, पण जोडी लावायला दहा-बारा महिने पुरे होऊ द्यावेत.

अंडं उघडायचं कसं

पांढरी बशी घ्या. अंड्याच्या रुंद टोकाला चमच्याने टिचकी मारून तिथलं कवच काढा, हवेची पोकळी तिथेच असते. हातमोजे घाला किंवा नंतर साबणाने हात धुवा. जुनं अंडं असेल तर अंगणात उघडा, घरात नको.

नुसता पिवळा बलक आणि रक्ताचा ठिपकाही नाही, म्हणजे वर सांगितलेलं रिकामं अंडं. बलकावर रक्ताचं बारीक कडं उमटलेलं असेल तर जीव धरला होता, पण पहिल्या आठवड्यातच गेला. अंडी गार पडली, मडकं जोरात हललं, किंवा नर-मादी एकाच मडक्यातले भाऊ-बहीण आहेत. हे शेवटचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानातल्या एकाच पिंजऱ्यातून जोडी उचलली की ती एकाच घरची असण्याची शक्यता भरपूर. नर एका गावातून आणि मादी दुसऱ्या गावातून आणलेली बरी.

आतलं सगळं हिरवट-काळं आणि घाण वासाचं झालं असेल तर जंतू शिरलेत. अशा वेळी मडकं उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात दोन दिवस ठेवा, बसायच्या दांड्याही खरवडा. अंडी मात्र धुवायची नाहीत. कवचावरचा नैसर्गिक थर निघून गेला की जंतूंना वाट मोकळी होते. मादीची नखं फार वाढलीत का तेही बघा. डोळ्यांना न दिसणारी चीर नखाने पडते आणि अंडं तिथून नासतं.

पूर्ण वाढलेलं, पिसांच्या खुणा आलेलं पिल्लू आत मरून पडलेलं असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

कोरडं मेलं की ओलं मेलं

उबवणीच्या काळात अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडतं आणि अंड्याचं वजन साधारण १२ ते १५ टक्क्यांनी घटतं. तेवढीच हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू शेवटच्या दिवसांत त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. पाणी फार उडालं तर आतला पडदा चिवट होऊन पिल्लाच्या अंगाला चिकटतो, त्याला फिरून कवच तोडता येत नाही. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या पाण्यात गुदमरतं. बजीचं अंडं जेमतेम दोन ग्रॅमचं, त्यामुळे घरच्या काट्यावर ही घट दिसणार नाही. विट्याकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) वाचत असतील तर त्यांनी मात्र सोनाराच्या काट्यावर एखादं अंडं आठवड्याने पुन्हा तोलून बघावं, मजा येते.

बशीतलं पिल्लू बघा. पडदा कागदासारखा वाळून पिसांना चिकटला असेल, सोलताना कातडी ओढली जात असेल, पिल्लू आक्रसलेलं असेल, तर हवा कोरडी होती. उघडताच पाणी गळलं, मान आणि डोकं सुजल्यासारखं, अंग बुळबुळीत, पोकळी नावालाच, तर ओलावा जास्त होता. दोन पिल्लं शेजारी ठेवली तर लहान मूलही फरक ओळखेल.

आता आपला मुलूख बघा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात ५०० च्या आसपास. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याची हवा वेगळी आणि जत-आटपाडीची वेगळी. दहिवडीच्या माणसाने पाटणच्या माणसाला अंड्यांबद्दल सल्ला द्यायचा म्हणजे दोघांनी आधी हवेतला ओलावा मोजायला हवा. डिजिटल हायग्रोमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो पिंजऱ्याजवळ, मडक्याच्या उंचीला टांगा. ५० ते ६५ टक्क्यांच्या आत काटा असेल तर ओलाव्याचा विषय सोडून द्या आणि पुढचं वाचा.

माणदेशातल्या एका पोराचा मागे फोन आला होता. "काका, रोज दोन वेळा पाणी मारतोय अंड्यांवर, तरी पिल्लं चिकटूनच मरतायत." त्याचं निदान बरोबर होतं, उपाय उलटा होता. एवढ्या कोरड्या हवेत अंड्यावर मारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं आणि उडताना अंडं गार करून जातं. म्हणजे ओलावा मिळतच नाही, वर थंडीचा दणका बसतो. अंड्यांना पाणी लावायचंच नाही. पसरट ताटलीत ओली वाळू भरायची आणि मडक्याचं बूड तिच्यात टेकवायचं. मडकं टांगलेलं असेल तर खालून ओलं गोणपाट गुंडाळायचं. भाजलेली माती सच्छिद्र असते, ओल हळूहळू आत पाझरते. हे पहिल्या दिवसापासून नको, शेवटचे सहा-सात दिवस पुरे.

याहून चांगलं काम मादी स्वतः करते, तिला फक्त सोय हवी. सकाळी धुतलेल्या मेथीची नाहीतर कोथिंबिरीची जुडी पाणी न झटकता पिंजऱ्यात आडवी बांधा. मादी आधी एक पान ओढेल, मग अंग घुसळत जुडीवर लोळायला लागेल, पोटाखालची पिसं ओली चिंब करेल, दोन मिनिटं दांडीवर बसून वरची पिसं झाडेल आणि पोट ओलं असतानाच मडक्यात शिरेल. अंड्यांना लागेल एवढीच ओल आणि तीही अंगाच्या उबेसकट. त्या पोराने फवारा बंद करून एवढंच केलं, पुढच्या खेपेला निम्म्याहून जास्त अंड्यांतून पिल्लं निघाली.

पाटणकडचे एक गुरुजी आहेत, त्यांचं बरोबर उलट. ऐन जुलैत, पन्हाळीला पागोळ्या लागलेल्या असताना, ते कुणाचं तरी ऐकून फवारा मारत होते. अंडं उघडलं की पाणीच पाणी. तिथे फवारा बंद, मडकं भिंतीपासून आत, आणि शक्य असेल तर मडक्याऐवजी वर भोकं पाडलेली प्लायवूडची पेटी. तळाशी रंधा मारलेल्या कोरड्या लाकडाच्या ढलप्या घालायच्या आणि ओलसर वाटल्या की बदलायच्या. खरं सांगायचं तर जावळी, पाटण, शिराळा या बाजूला आषाढ-श्रावणात मडकी टांगूच नयेत.

एक बारीक गोष्ट, पण दोन्हीकडे नडते. बाजारात ऑइलपेंट मारलेली रंगीत मडकी मिळतात. पेंटने मातीची छिद्रं बुजतात, मग ओल आतही येत नाही आणि बाहेरही जात नाही. साधं लाल मडकं घ्या, दिसायला गावठी असलं तरी.

कवचाला टोचा पडलेला दिसला की हात शिवशिवतात. थांबा. टोचा पडल्यापासून बाहेर यायला पिल्लाला एक ते दोन दिवस लागतात. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पडद्यातलं रक्त अंगात जात असतं. घाईने सोललं तर रक्तस्राव होऊन मरतं. पूर्ण ४८ तास गेले, आवाज क्षीण झाला आणि पडदा पांढरा पडला, त्यात लाल शीर दिसत नाही, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने टोच्याभोवती थोडं मोकळं करा.

रात्री उठलेली मादी

अर्धवट वाढलेली, दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमाराला मेलेली पिल्लं सापडली आणि ती एकाच वेळी गेल्यासारखी दिसली, तर ओलावा सोडा, त्या आठवड्यात रात्री काय झालं ते आठवा. बजी अंधारात दचकतो, धडपडत बाहेर येतो आणि अंधारात त्याला मडक्याचं तोंड सापडत नाही. मादी पहाटेपर्यंत दांडीवर बसून राहते, अंडी गार होतात. मांजर, घूस, छपरावरून उतरलेला साप ही नेहमीची कारणं. आपल्याकडे त्यात विसर्जन मिरवणुकीतली डॉल्बी आणि दिवाळीतले फटाके यांची भर.

म्हणून मी माझ्याकडची मडकी भाऊबीज झाल्यावरच टांगतो. नोव्हेंबरच्या मध्याला मडकं लागलं की महिनाअखेर अंडी, डिसेंबरच्या विशीत पिल्लं, जानेवारीअखेर ती मडक्याबाहेर. दुसरी खेप मार्चअखेर मोकळी होते आणि पत्रे तापायच्या आत मडकी उतरतात. तिसरी खेप घ्यायची नाही. मादी खंगते, शेवटची अंडी कमकुवत पडतात आणि ४० अंशांत मादी अंड्यांवर टिकतही नाही. आणखी एक फायदा आहे. पिल्लांना भरवायच्या दिवसांतच शेतात हुरडा येतो. दूध भरलेलं ज्वारीचं कणीस पिंजऱ्यात लावा आणि जोडी कशी तुटून पडते ते बघा. ऑस्ट्रेलियाच्या माळावर हे पक्षी पावसानंतर गवताचं बी भरायला लागलं की वीण धरतात, तसाच हा चारा.

पिंजऱ्याजवळ रात्रभर झिरोचा बल्ब ठेवा, दचकलेली मादी परत आत जाईल. एका रात्री अंडी गार लागली म्हणून टाकूही नका. चार दिवसांनी टॉर्च लावा, बरीच तगलेली असतात.

कुठलाही आवाज नाही, मांजर नाही, तरी मादी रात्री बाहेर बसते? अंधार पडल्यावर पिंजऱ्यावर पांढरं फडकं टाका आणि पहाटे उघडून बघा. लाल-तपकिरी हलणारे ठिपके दिसले तर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे आहेत. ते दिवसा फटीत दडतात आणि रात्री बाहेर पडतात. पक्ष्यांवर ढेकणाचं औषध मारू नका. मडकं बदला, पिंजऱ्याच्या फटींवर उकळतं पाणी ओता आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून आयव्हरमेक्टिनचं माप घ्या. माप स्वतः ठरवू नका, ३०-३५ ग्रॅमच्या जिवाला एक थेंबही जास्त होऊ शकतो.

खाण्याचं थोडक्यात

नुसत्या राळा-बाजरीवर ठेवलेल्या मादीच्या अंड्यात पिल्लाला पुरेल एवढं अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नसतं. अशी पिल्लं पूर्ण वाढून शेवटच्या ढकलीला कमी पडतात. सांगलीच्या गणपती पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलफिशचं हाड) मागा, तोच पक्ष्यांच्या दुकानात पाकिटात घालून जास्त भावाने मिळतो. शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग, उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून. हे मडकं टांगण्याच्या महिनाभर आधीपासून हवं, अंडी पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कॅल्शियम पचायला ड३ जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातून मिळतं. काचेआडचं ऊन त्यासाठी निरुपयोगी. उन्हात पिंजरा ठेवायची सोय असेल तर ड३ चे थेंब रोज ओतत बसू नका, जास्त झाले तर मूत्रपिंडावर बेततात.

तासगाव-मिरज भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांवर सतत फवारे असतात. बागेच्या बांधावरची घोळ-तांदुळजा त्या काळात पक्ष्यांना आणू नका, धुतलं तरी.

सगळं जागेवर असूनही निघत नसेल तर

दोन जोड्यांची अंडी एकाच आठवड्यात पडलीत अशी वेळ गाठा आणि निम्मी-निम्मी अदलाबदल करा. बजी परकी अंडी मुकाट उबवतो. तुमच्या अडलेल्या जोडीची अंडी दुसरीकडे उबून निघाली तर मादीच्या बसण्यात किंवा त्या मडक्याच्या जागेत खोट आहे. तिथेही मेली तर नर-मादी वेगळ्या करून एक खेप दुसऱ्या जोडीदारासोबत घ्या.

त्यानंतरही पूर्ण वाढलेली पिल्लं मरत राहिली तर आजार धरा. ताजं मेलेलं पिल्लू किंवा न उघडलेलं अंडं प्लास्टिकच्या डबीत, बर्फाच्या पिशवीसोबत ठेवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या अवयवांवरून निदान अवघड होतं. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आधी फोन करून कधी आणायचं ते विचारून घ्या. निदान येईपर्यंत त्या पिंजऱ्यातला पक्षी कुणाला देऊ नका, आणि विष्ठा झाडताना नाका-तोंडाला रुमाल बांधा, सिट्टॅकोसिस हा पोपटांचा आजार माणसालाही लागतो.